देवाकडे जायचं ते माझं मी बघीन

मंडळी, गेले तीन शनिवार काही लिहिलं नाही, कारण रिलीज होतं. रिलीज म्हणजे काय ते आयटीवाल्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. घरातल्या लग्नासारखंच असतं, फक्त जेवण म्हणजे गार पिझ्झा आणि रुसलेला व्याही म्हणजे क्लायंट. आजचा लेख जरा चिडून लिहिलाय, हे आधीच सांगून ठेवतो.

तर झालं असं. आमच्या टीममधल्या एका मुलीला (ज्युनिअर आहे, हुशार आहे, नाव सांगणार नाही) सलग नवव्या रात्री अडीच वाजता ऑन-कॉलचा फोन आला. तिने उचलला, प्रॉब्लेम सोडवला, टिकेट बंद केलं आणि मग सकाळपर्यंत रडत बसली. दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरला सरळ सांगितलं, मला झेपत नाहीये. मॅनेजर माणूस वाईट नाही. त्याने तिचं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, सकाळी दहा मिनिटं प्रार्थना करत जा. मी करतो. कुठल्याही देवाची कर, पण कर. प्रेशर सहन करायची ताकद येते बघ."

आठवड्याभरात एच.आर.ची मेल सगळ्यांना. दर बुधवारी साडेपाच ते सहा, आंतरिक शक्ती वाढवण्याचं सत्र, ऑनलाइन, कॅमेरा चालू ठेवावा. साडेपाचला आमचा क्लायंटबरोबर कॉल असायचा, तो सहावर गेला. म्हणजे बुधवारी घरी जायला अर्धा तास उशीर. मनःशांतीसाठी! ऑन-कॉलची यादी मात्र होती तशीच राहिली. चार जणांचं काम, दोन जणांची नावं.

आता तुम्हाला वाटेल की पुढे मी देव, धर्म, पूजाअर्चा सगळं थोतांड आहे वगैरे लिहिणार. तसं वाटून ज्यांना आनंद झाला असेल त्यांची निराशा करतो. मी प्रार्थना करणारा माणूस आहे. रोज नाही, नेमाने नाही, सोवळ्यात तर अजिबात नाही. पाणी डोक्यावरून जायला लागलं की करतो. आणि म्हणूनच त्या मेलने माझं डोकं फिरलं. ऑफिसातल्या नास्तिक मित्रांना ती मेल नुसती विनोदी वाटली. मला मात्र कुणीतरी चपला घालून थेट आमच्या देवघरात शिरल्यासारखं वाटलं.

माझं म्हणणं आधी सांगून टाकतो, मग भांडू. आयुष्य झेपेनासं झालं की देवाकडे जायचा हक्क ज्याचं आयुष्य आहे त्याचा. तो त्याने खुशाल बजावावा, लाजू नये. पण ज्याच्या हातात माझं ओझं कमी करणं आहे, त्याने ते न करता मला देवाकडे पिटाळू नये.

मॅनेजरकडे येतोच. त्याआधी माझ्या नास्तिक मित्राचा हिशोब चुकता करतो, कारण तो रोज कँटीनमध्ये समोर बसतो. त्याचं म्हणणं, संकटात देव आठवणं म्हणजे घाबरलेल्या पोराने पांघरुणात तोंड खुपसणं. आणि त्याच्याकडे पुरावा आहे. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन नावाच्या डॉक्टरच्या टीमने बायपास झालेल्या १८०२ पेशंटवर एक प्रयोग केला, सहा हॉस्पिटलांत. तीन गट केले. दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी कुणी प्रार्थना करेल किंवा करणार नाही. त्यातल्या एकासाठी केली, दुसऱ्यासाठी नाही केली. तिसऱ्या गटाला खात्रीने सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे, आणि केली. निकाल २००६ च्या एप्रिलमध्ये छापून आला. पहिल्या दोन गटांत काही फरक नाही, गुंतागुंत झालेले ५२ टक्के आणि ५१ टक्के. तिसऱ्या गटात, ज्यांना माहीत होतं की आपल्यासाठी लोक हात जोडून बसलेत, तिथे ५९ टक्के! (ह्या तिसऱ्या आकड्यावर मित्र भलताच खूश असतो. मला वाटतं, आपल्यासाठी अनोळखी लोकांना प्रार्थनेला बसवलंय म्हटल्यावर पेशंट घाबरलेच असणार, की आपलं काही खरं नाही. असो.)

हा प्रयोग मला पटतो. प्रार्थना हे जर असं यंत्र असेल, की वरून नाव टाकलं आणि खालून बरा झालेला पेशंट बाहेर आला, तर ते यंत्र चालत नाही. विषय संपला. 'करणाऱ्यांची श्रद्धाच कमी पडली असेल' वगैरे म्हणणं म्हणजे टेस्ट फेल झाली म्हणून टेस्ट केस बदलणं. ते आम्ही ऑफिसात करतो, देवाच्या बाबतीत तरी करू नये.

माझा स्वतःचा प्रयोग तर दोनच पेशंटचा. एप्रिल २०२१. बाबा आणि काका दोन दिवसांच्या अंतराने पॉझिटिव्ह आले. पुण्यात तेव्हा कुठल्या हॉस्पिटलात किती बेड शिल्लक ते दाखवणारा सरकारी डॅशबोर्ड होता. मी रात्रभर तो रिफ्रेश करत बसायचो आणि व्हेंटिलेटरच्या रकान्यात शून्य बघायचो. शेवटी एका ओळखीतून दोघांना एकाच ठिकाणी जागा मिळाली. नातेवाइकांना आत बसू देत नव्हते, म्हणून रात्री मी पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून असायचो. तिथे मी काय केलं? विठोबाला शिव्या घातल्या. आजीचा विठोबा, आमच्या घरात ओळखीचा तोच. मोठ्याने, मास्कच्या आत. त्या बाईने तुझ्या एवढ्या वाऱ्या केल्या, चिखलातून चालली, त्या सगळ्या फुकट का रे, असं काहीबाही.

बाबा पंधराव्या दिवशी घरी आले. काका आले नाहीत.

प्रार्थना दोघांसाठी एकच होती. शिव्यासुद्धा त्याच. त्यामुळे 'देवाने ऐकलं आणि बाबा वाचले' हे वाक्य आमच्या घरात कुणी बोलत नाही. काकूसमोर तर नाहीच नाही.

मग मिळालं काय, असं मित्र विचारतो. खरं सांगायचं तर त्या रात्री मला जे बोलायचं होतं ते ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. आई आधीच कोसळलेली. काकूला काय सांगणार? वॉर्डातला डॉक्टर माझ्याच वयाचा पोरगा, उभ्या उभ्या झोपत होता, त्याच्यावर ओरडणं पाप झालं असतं. ज्याच्यावर ओरडलं तर चालतं आणि जो मोडून पडत नाही असा एकच पत्ता माझ्याकडे शिल्लक होता. मित्र म्हणतो त्या पत्त्यावर कुणी राहत नाही. नसेल बाबा. मला पत्र लिहायचं होतं. ते लिहून झाल्यावर मी खाली उतरलो, दोन तास झोपलो आणि सकाळी इंजेक्शनच्या रांगेत उभा राहिलो. पांघरुणात तोंड खुपसलेल्या पोराला हे जमत नाही.

मित्राला मार्क्स फार आवडतो, तो अफूचं वाक्य नेहमी फेकतो. पण ते वाक्य ज्या १८४४ सालच्या लेखातलं आहे, त्यात त्याच्याच आधी मार्क्सने धर्माला पिचलेल्या माणसाचा उसासा म्हटलंय. तेवढं कुणी सांगत नाही. उसासा टाकणाऱ्याला हसायचं नसतं; त्याच्या छातीवर कोण बसलंय ते बघायचं असतं. आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी, ज्यांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घालून मारलं, आयुष्यभर हेच सांगितलं की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. माझ्या मित्राच्या टेबलावर त्यांची पुस्तकं आहेत. ती त्याने परत एकदा वाचावीत असं मी त्याला ह्या जाहीर ठिकाणी सुचवतो :)

दुसरे आहेत आमचे एक नातेवाईक. ते म्हणतात, "तुम्हा पोरांना गरज पडली की देव आठवतो. एरवी बारमध्ये. हा मतलबीपणा झाला." हे ऐकून कितीतरी लोक खरोखर ओशाळतात, की बाबा आपण सुखात कधी हात जोडले नाहीत, आता कुठल्या तोंडाने जाऊ. त्या नातेवाइकांना (ते गीतेचे क्लास घेतात, म्हणून मुद्दाम) सातव्या अध्यायातला सोळावा श्लोक उघडायला सांगावा. तिथे भक्तांचे चार प्रकार सांगितलेत आणि त्या यादीत पहिलं नाव कुणाचं? आर्ताचं. म्हणजे ज्याच्या जिवावर आलंय त्याचं. जिज्ञासू, अर्थार्थी, ज्ञानी हे सगळे त्याच्यानंतर. ज्ञानी सगळ्यात जवळचा, हे पुढे म्हटलंय, मान्य. पण हे चौघेही थोर, असंही त्याच ठिकाणी दोन श्लोकांनंतर म्हटलंय. आर्ताला मतलबी म्हणून बाहेर काढलेलं नाही. ज्या रामदासांच्या नावाने आपण मनाचे श्लोक पाठ केले त्यांनीच करुणाष्टकं लिहिली, आणि ती काय सुखात बसून म्हणायची गोष्ट आहे का? गणपतीत आपण टाळ्या वाजवत जी आरती म्हणतो, तिचं शेवटचं मागणं एकदा सावकाश म्हणून बघा. अडल्यावर देवाकडे धावणं मराठी माणसाला आरतीतच शिकवलेलं आहे. तेव्हा मतलबीपणाचं ओझं घेऊ नका. जा. बारमधून जायचं असेल तर बारमधून जा.

हां, आता मॅनेजर.

हा उद्योग काही एकट्या आमच्या कंपनीचा नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या ऑफिसात काम करणारी २६ वर्षांची सी.ए. मुलगी गेली. नोकरीला लागून चार महिने झाले होते. कामाच्या ताणाने माझी मुलगी गेली असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. ते सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं. आमच्या फ्लॅटवरच्या तिघांनी ते एकाच रात्री वाचलं आणि कुणी कुणाशी बोललं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन चेन्नईतल्या एका खासगी कॉलेजच्या कार्यक्रमात ह्या मुलीचा उल्लेख करून बोलल्या. आशय असा की कुठलीही नोकरी करा, ताण सहन करायला आतली शक्ती लागते, ती दैवी आधारानेच येते, देवावर विश्वास ठेवा, आणि हे घरून आणि कॉलेजातून शिकवायला हवं. टीका झाल्यावर त्यांनी खुलासा केला की मुलीला दोष द्यायचा हेतू नव्हता. हेतू नसेल, मान्य करू. पण त्याच दिवसांत कामगार खात्याच्या तपासणीत असं निघालं की २००७ पासून चालू असलेल्या त्या ऑफिसची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. महाराष्ट्राने हा कायदा २०१७ साली नव्याने केला तेव्हा त्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लिहिली होती. म्हणजे बघा, देवाकडे जायची आठवण मुलीला आणि तिच्या घरच्यांना करून द्यायची, आणि कामगार खात्याकडे जायची आठवण सतरा वर्षं कुणाला होत नाही!

ह्यात नेमकं काय खटकतं ते नीट सांगायला हवं, कारण वरवर बघता सल्ला चांगलाच वाटतो. प्रार्थनेने मन शांत होतं, मग हरकत काय?

हरकत ही, की त्या सल्ल्याबरोबर दोष गुपचूप एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. काम जास्त आहे हा कंपनीचा प्रॉब्लेम होता. आता तुझी आतली शक्ती कमी आहे हा तुझा प्रॉब्लेम झाला. ह्या धंद्यात राहून आम्ही हे चांगलं ओळखतो. सर्व्हर पडतो, माणूस तक्रार करतो, आणि टिकेट कसं बंद होतं? 'वापरणाऱ्याची चूक.' पुढच्या वेळी ती पोरगी रडली तर पहिला प्रश्न येणार, तू प्रार्थना करतेस ना नियमित? ऑन-कॉलला किती जण आहेत हा प्रश्न कायमचा गेला. आम्ही तिघांनी मिळून त्या महिन्यातल्या रात्रीच्या फोनांची यादी काढून मॅनेजरला पाठवली, तारीख, वेळ, किती मिनिटं, सगळं. उत्तर आलं, 'चांगला डेटा आहे, सत्रात यावर बोलू.' सत्रात! डोळे मिटून!

आणि मन शांत करणं एवढंच हवं असेल तर त्यात देवाला कशाला ओढता? २००१ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात इटलीतल्या डॉक्टर बर्नार्डी ह्यांचा एक छोटा अभ्यास आला होता, २३ माणसांचा. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणा किंवा योगातला मंत्र म्हणा, दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाच्या ठोक्यांच्या चढउताराला ते मानवतं. छान आहे. मग सांगा ना सरळ, की मिनिटाला सहा श्वास घ्या. तेही कामाच्या वेळेत सांगा. त्याला प्रार्थना म्हणू नका. ब्लडप्रेशरच्या गोळीला प्रसाद म्हटल्यासारखं आहे ते.

कारण आपल्याकडची प्रार्थना शांत बिंत कधी नव्हतीच! हे त्या सत्र घेणाऱ्या बाईंना कुणीतरी सांगायला हवं. पार्श्वभूमीला बासरी लावून, 'जे आहे त्याबद्दल कृतज्ञ राहू या' म्हणणारी ही प्रार्थना कुठून आली कोण जाणे, देहूहून नक्की आली नाही. तुकोबांचं बघा. घरचा व्यापार, सावकारी. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला, धंदा बुडाला, दिवाळं निघालं, पहिली बायको गेली, मुलगा गेला. त्यानंतर माणूस भंडारा डोंगरावर जाऊन बसला तो काय कृतज्ञतेची वही लिहायला? गाथा उघडा. पानोपानी भांडण आहे. तू निष्ठुर आहेस, दिलेला शब्द पाळत नाहीस, तुझ्या दाराशी बसलोय आणि तुला लाज नाही. देव मेला म्हणण्यापर्यंत मजल गेलेली आहे. जनाबाई तर दळता दळता विठोबाला अशा शिव्या देते की त्या आमच्या ऑफिसात दिल्या तर एच.आर. त्याच दिवशी बोलावून घेईल. ह्या दोघांना कुणी म्हटलं नाही की तुमचा दृष्टिकोन नकारात्मक आहे.

आमच्या टीममधला वसईचा एक मित्र म्हणाला, अरे आमच्याकडे पण तेच आहे. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली तर १५० स्तोत्रांत गाऱ्हाण्यांची स्तोत्रं ढिगाने आहेत, किती दिवस तोंड फिरवून बसणार आहेस असं देवाला विचारणारी. आणि ईयोबाची गोष्ट त्याने सांगितली, ती मला फार आवडली. ईयोबाची गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र समाचाराला येतात. आधी सात दिवस गप्प बसतात, तोवर ठीक असतं. मग समजावू लागतात, की तुझंच काहीतरी चुकलं असणार, देवाला शरण जा. ईयोब ऐकत नाही, तो देवाशीच वाद घालत राहतो. आणि शेवटी देव रागावतो कुणावर? त्या मित्रांवर! माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असं त्यांना सुनावतो. आमच्या मॅनेजरला ही गोष्ट कुणीतरी सांगावी. मी सांगणार नाही, माझं अप्रेझल जवळ आलंय.

आता कुणी म्हणेल, भांडण देवाशीच करायचं तर कंपनी सुटलीच की. नाही सुटत. गाऱ्हाणं घालायची सवय लागलेला माणूस गप्प बसत नाही, आणि गाऱ्हाणं योग्य खिडकीवर न्यायलाही शिकतो. चोखोबांचं नाव घेतल्याशिवाय हे सांगताच येत नाही. मंगळवेढ्याचा हा माणूस आयुष्यभर विठोबाला आळवत राहिला आणि त्याच विठोबाच्या देवळात त्याला पाऊल टाकता येत नव्हतं. तेही त्याने देवाला विचारलं, की ही विटाळाची भानगड कुणी काढली. १३३८ मध्ये मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते कोसळलं आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर तोही गेला. समाधी पंढरपूरला, महाद्वाराच्या बाहेर, पायरीशी. पुढे सहाशे वर्षं लोक त्या पायरीशी नमस्कार करत होते आणि आत तेच चालू होतं. मग मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तनपुरे महाराजांच्या मठात. त्याआधी अनेक महिने महाराष्ट्रभर फिरून त्यांनी ह्याच मागणीसाठी सभा घेतल्या होत्या. दहा-अकरा दिवसांनी बडव्यांनी देऊळ उघडायचं कबूल केलं. साने गुरुजींएवढा प्रार्थना करणारा माणूस मराठीत दाखवून द्या! पण ते दलितांना असं सांगायला गेले नाहीत, की देऊळ बंद आहे तर असू दे, तुम्ही मनातल्या मनात प्रार्थना करा, आंतरिक शक्ती वाढेल. त्यांना माहीत होतं की दाराला कुलूप देवाने लावलेलं नाही, किल्ली ज्यांच्या कमरेला आहे त्यांच्याशीच बोलायला हवं. आमच्या ऑन-कॉलच्या यादीची किल्लीसुद्धा एका एक्सेल शीटमध्ये आहे आणि ती शीट कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

आपल्या गोष्टींमधला देव काय करतो, तेही एकदा बघा ना. जनाबाई दळून दळून थकते तेव्हा विठोबा येऊन तिला ताण कसा घ्यायचा नाही ह्यावर व्याख्यान देतो का? तो येऊन जात्याच्या खुंट्याला हात लावतो. तिच्या शेण्या वेचतो. नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरतो. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली आणि मान अडकली, तेव्हा विठू महार होऊन बेदरला जातो आणि पैसे मोजून पावती घेऊन येतो. पावती! ह्या गोष्टी घडल्या का, हा वाद माझ्या कँटीनवाल्या मित्राने खुशाल घालावा. पण शेकडो वर्षं ज्या लोकांनी त्या रचल्या आणि दळताना, चालताना सांगितल्या, त्यांना देवाकडून काय हवं होतं ते अगदी स्पष्ट आहे. त्यांना कामाला हात लावणारा कुणीतरी हवा होता. देवाच्या नावाने सल्ला देणाऱ्यांनी त्यातलं निदान शेण्या वेचण्याएवढं तरी करावं, म्हणजे आठवड्यातली एक रात्र फोन स्वतःकडे घ्यावा. मग बुधवारी साडेपाचला मी कॅमेरा चालू करून बसेन, बासरीसकट.

एक गोष्ट राहिली, ती वादातली नाही. झोप लागत नाही, सतत रडू येतं, जगूच नये असं वाटतं, असं कुणाचं होत असेल तर प्रार्थना करा, भांडा, जे करायचं ते करा, पण त्याबरोबर माणसाशीही बोला आणि डॉक्टरकडे जा. माझ्या रूममेटला मी स्वतः घेऊन गेलो होतो; त्याच्या उशाशी मारुतीस्तोत्रही होतं आणि गोळ्याही होत्या, दोघांचं कधी भांडण झालं नाही. रात्री-बेरात्री कुणीच नसेल तर टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली. १४४१६ हा नंबर. चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिकडे फोन उचलणारी माणसंही ऑन-कॉलच असतात, तेव्हा अडीचला केलात तरी संकोच करू नका.